डीएनए टेस्टमध्ये नेमकं काय मोजतात? लेस्टर युनिव्हर्सिटीतला शोध

बातम्यांमध्ये 'डीएनए मॅच झाला' असं ऐकलं की बऱ्याच जणांना वाटतं, लॅबवाल्यांनी त्या माणसाचा सगळा डीएनए पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून काढला असणार. तसं अजिबात नसतं. आपल्या डीएनएत साधारण 300 कोटी अक्षरं (म्हणजे ओळीने जोडलेले रासायनिक घटक) आहेत आणि ओळख पटवायला त्यातल्या मोजक्याच जागा बघतात, तिथेही मुख्यतः लांबी मोजतात. ही कल्पना आली इंग्लंडमधल्या लेस्टर युनिव्हर्सिटीतून, आणि यूकेच्या युनिव्हर्सिट्यांचा विषय निघाला की आपली गाडी ऑक्सफर्ड-केंब्रिजवरच अडते म्हणून मुद्दाम लिहितोय.

पहिल्या महायुद्धात गेलेल्यांचं स्मारक म्हणून 1921 मध्ये इथे कॉलेज सुरू झालं, थॉमस फील्डिंग जॉन्सन यांनी जागा दिली, तिथे आधी वेड्यांचं इस्पितळ होतं आणि ती इमारत अजून वापरात आहे. युनिव्हर्सिटीचा दर्जा मिळाला 1957 मध्ये. टीव्हीवरच्या निसर्गमालिकांमुळे प्रसिद्ध असलेल्या डेव्हिड ॲटनबरोंचे वडील 1932 पासून जवळपास वीस वर्षं इथे प्रिन्सिपल होते. स्पेस रिसर्चही जोरात आहे, नासाच्या स्विफ्ट सॅटेलाइटवरच्या एक्स-रे टेलिस्कोपमध्ये इथल्या लोकांचा हात आहे. पण माझा जीव अडकलाय तो जेनेटिक्समध्ये.

जेनेटिक्सचे संशोधक ॲलेक जेफ्रीज 1977 मध्ये इथे आले. स्नायूंत ऑक्सिजन साठवणाऱ्या मायोग्लोबिन प्रोटीनच्या जीनवर त्यांचं काम चालू होतं, गुन्हेगारीशी काही संबंध नव्हता. त्या जीनच्या मधोमध 33 अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ चार वेळा आलेला दिसला. असे तुकडे डीएनएत इतर ठिकाणीही निघाले आणि गंमत म्हणजे त्यांची संख्या माणसागणिक वेगळी, जसे एका मालगाडीला चाळीस डबे आणि दुसरीला पंचावन्न. ही संख्या मोजायला काय करायचं, डीएनए कापणारं असं एन्झाइम घ्यायचं जे या पुनरावृत्तीच्या आत कापत नाही, बाहेर दोन्ही बाजूंना कापतं, मग जितकी पुनरावृत्ती जास्त तितका तुकडा लांब. हे तुकडे जेलीसारख्या थरात घालून करंट द्यायचा, डीएनएवर निगेटिव्ह चार्ज असतो म्हणून ते पॉझिटिव्ह टोकाकडे सरकतात, छोटे पुढे पळतात, लांब मागे राहतात. मग ते पातळ पडद्यावर उतरवून त्याच पुनरावृत्तीला चिकटणारा रेडिओॲक्टिव्ह प्रोब (डीएनएचाच छोटा तुकडा) सोडायचा आणि वर एक्स-रे फिल्म ठेवायची. जिथे प्रोब चिकटला तिथे काळी पट्टी.

10 सप्टेंबर 1984, सोमवारी सकाळी जेफ्रीजनी फिल्म धुतली. त्यावर एका टेक्निशियनच्या कुटुंबाचे नमुने होते, शेजारी बरेच प्राणी आणि अगदी तंबाखूसुद्धा. प्रत्येकाच्या पट्ट्या वेगळ्या, पण मुलाची प्रत्येक पट्टी आई किंवा बाबा यांच्यापैकी कुणाकडे तरी सापडत होती! पुढच्याच वर्षी एका घानाच्या कुटुंबातल्या मुलाचं आईशी नातं याने सिद्ध झालं आणि त्याला ब्रिटनमध्ये राहता आलं.

मग लेस्टरजवळच्या गावांतले 1983 आणि 1986 चे दोन मुलींचे खून. एका 17 वर्षांच्या मुलाने त्यातल्या एकाची कबुलीही दिली होती, पण टेस्टने दाखवलं की दोन्ही खून एकाच माणसाने केलेत आणि तो हा मुलगा नाही. खरा खुनी 1988 मध्ये दोषी ठरला. डीएनएने आधी निर्दोष माणूस सोडवला, मग गुन्हेगार पकडला, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

आता पद्धत बदललीय, चार-पाच अक्षरांच्या छोट्या पुनरावृत्ती घेतात आणि पीसीआर नावाच्या लॅबमधल्या तंत्राने त्यांच्या कॉप्या वाढवतात, म्हणून अगदी थोडा नमुनाही पुरतो. आणि बहुतेक या जागा प्रोटीनचा कोड नसलेल्या भागातल्या असतात, त्यामुळे पोलिसांच्या प्रोफाइलवरून तुमचा स्वभाव कळत नाही. 'डीएनए ॲक्टिव्हेशन' करून नशीब बदलतो म्हणणारे कोर्सवाले तर सरळ फसवतायत, त्यांना एक रुपया देऊ नका.

याच युनिव्हर्सिटीच्या टीमने 2012 मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखालून इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाचा सांगाडा काढला, जो 1485 च्या लढाईत मेला होता. इथे पुनरावृत्ती मोजून भागणार नव्हतं, इतक्या पिढ्यांत ती माहिती विरून जाते, म्हणून फक्त आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचा) डीएनए घेतला आणि तो राजाच्या बहिणीच्या वंशातल्या आजच्या माणसाशी जुळला. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम मात्र राजघराण्याच्या पुरुष वंशजांशी जुळलाच नाही, म्हणजे मधल्या कुठल्या तरी पिढीत कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळे होते.