मेघदूत ते वाघनख : कमांडो अधिकाऱ्याच्या वाटचालीची पार्श्वभूमी

१७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात कर्नल संतोष महाडिक यांना वीरमरण आले. अनेक बातम्यांत त्यांचा उल्लेख ‘पॅरा कमांडो’, म्हणजे पॅराशूटने उतरणारा कमांडो, असा झाला. तो खोटा नव्हता, पण त्या दिवशी महाडिक कमांडो बटालियनमध्ये नव्हते. ते ४१ राष्ट्रीय रायफल्स या दहशतवादविरोधी बटालियनचे कमांडिंग ऑफिसर, म्हणजे प्रमुख होते. उमेदीची वर्षे कमांडोंत काढलेला अधिकारी कर्नल झाल्यावर भलत्याच बटालियनचा प्रमुख कसा, हे समजून घ्यायचे तर थेट १९६५ सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षीच्या भारत-पाकिस्तान युद्धात ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे मेजर मेघ सिंह पश्चिम कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांच्याकडे एक प्रस्ताव घेऊन गेले. स्वखुशीने येणारे मोजके जवान द्या, शत्रूच्या पिछाडीला जाऊन छापे घालतो. मेघ सिंहांची बढती तेव्हा हुकलेली होती. जमले तर लेफ्टनंट कर्नलचे बिल्ले मी स्वतः लावीन, असा शब्द हरबक्ष सिंगांनी दिला आणि नंतर पाळलाही. ही टोळी ‘मेघदूत फोर्स’ म्हणून ओळखली गेली. मेघ सिंहांना वीरचक्र मिळाले. थोडक्यात, भारतीय कमांडोंचा जन्म कुठल्या समितीच्या अहवालातून झालेला नाही. बढतीच्या रांगेतून बाहेर पडलेल्या एका माणसाच्या हट्टातून तो झाला, आणि मला तरी ही गोष्ट फार सूचक वाटते.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, ९ पॅरा कमांडो उभी राहिली. १९६७ मध्ये तिच्यातून १० पॅरा कमांडो वेगळी काढण्यात आली. पहिलीकडे डोंगर, दुसरीकडे वाळवंट. १९७१ च्या डिसेंबरात दोघींचीही परीक्षा झाली. ९ पॅराने पूंछच्या बाजूला मंढोल येथे घुसून पाकिस्तानी तोफा उडवल्या. जयपूर राजघराण्यातले सवाई भवानी सिंह यांच्या नेतृत्वाखाली १० पॅराने गाड्यांतून सिंधमध्ये खोलवर मुसंडी मारत छाछरो गाठले. त्यांना महावीरचक्र मिळाले.

सगळेच असे जमले नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठावर रात्री हेलिकॉप्टरने १० पॅराचे कमांडो उतरवले गेले, तेव्हा एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेला बेताचा सुगावा आधीच लागला होता. सोबत उतरलेली १३ शीख लाइट इन्फंट्रीची तुकडी जवळजवळ सगळीच्या सगळी मारली गेली. धाडस भरपूर आणि माहिती अपुरी, असा हा मामला होता. पुढे १९९० च्या दशकात ‘कमांडो’ हा शब्द अधिकृत नावातून गेला आणि ‘पॅरा (स्पेशल फोर्सेस)’ आले. बोलण्यात मात्र कमांडोच राहिला.

आता अधिकाऱ्याच्या वाटेकडे येऊ. इथे कुणाला हुकमाने पाठवत नाहीत, स्वतः हात वर करावा लागतो. मग येते प्रोबेशन. काही महिने झोप, अन्न आणि अहंकार या तिन्हींची पद्धतशीर उपासमार होते. अधिकाऱ्याला जवानांच्या बरोबरीने, बहुधा त्यांच्याहून जास्तच पिळून काढतात. न जमल्यास ‘आरटीयू’, म्हणजे मूळ युनिटला परत. आग्र्याला विमानातून पाच उड्या मारल्यावर पॅराशूटचे पंख मिळतात, त्यांतली एक उडी रात्रीची असते. उजव्या खिशावरचा ‘बलिदान’ बिल्ला मात्र फक्त स्पेशल फोर्सेसचा. उभा खंजीर, त्याला वर उघडलेले पंख आणि पात्यावर आडव्या पट्टीत देवनागरीत तो एकच शब्द. २०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या हातमोज्यावर हेच चिन्ह होते. आयसीसीने ते काढायला लावले आणि घराघरांत त्याची चर्चा झाली.

बिल्ला मिळाला की कॅप्टन एका ट्रूपचे, म्हणजे छोट्या तुकडीचे, नेतृत्व करतो आणि मेजर अशा ट्रूप मिळून बनलेल्या अख्ख्या टीमचे. खरी कमांडोगिरी चालते ती याच वर्षांत. लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती सेवेच्या वर्षांवर मिळते. पुढे कर्नल व्हायचे तर निवड मंडळ आडवे येते, आणि बटालियनला कमांडिंग ऑफिसर एकच असतो. टीममध्ये तावून सुलाखून निघालेले मेजर अनेक, खुर्ची एक. त्यामुळे कित्येक कमांडो अधिकारी कर्नल झाल्यावर राष्ट्रीय रायफल्सची कमान घेतात. दहशतवादविरोधी लढाईसाठीच उभारलेल्या या दलाला असा अनुभव हवाच असतो.

महाडिकांची वाट हीच. साताऱ्याजवळचे पोगरवाडी हे त्यांचे गाव, शिक्षण सातारा सैनिक स्कूलमध्ये, १९९८ मध्ये कमिशन आणि २१ पॅरा. या बटालियनची कुळकथा मराठी वाचकाला जवळची वाटेल. ती मुळात २१ मराठा लाइट इन्फंट्री. १९९६ मध्ये तिचे रूपांतर स्पेशल फोर्सेसमध्ये झाले. टोपणनाव ‘वाघनख’, तेव्हा वंशावळ सांगायला वेगळा इतिहासकार नको. ईशान्य भारतातल्या कामगिरीबद्दल महाडिकांना सेना पदक मिळाले. पुढे कमान मिळाली ती ४१ राष्ट्रीय रायफल्सची, आणि ही बटालियनही मराठा लाइट इन्फंट्रीशीच जोडलेली आहे. टोपी बदलली, घराणे तेच राहिले.

कुपवाड्यात कित्येक दिवस शोधमोहीम चालू होती. कमांडिंग ऑफिसरने मागे, वायरलेसजवळ राहून सूत्रे हलवली असती तर कुणी बोट ठेवले नसते. महाडिक मात्र टीम कमांडर असताना जिथे असायचे तिथेच, पुढे होते. २०१६ च्या प्रजासत्ताक दिनी त्यांना मरणोत्तर शौर्यचक्र जाहीर झाले. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईच्या अकादमीतून लेफ्टनंट होऊन बाहेर पडल्या.