चूक आधी मेंदूला कळते, मग कानाला

पियानोवर भरभर बोटे फिरत असताना चुकीची पट्टी दाबली गेली, तर वादकाला ते कधी कळते? सूर कानावर पडल्यावर, असेच कोणीही म्हणेल. जर्मनीतल्या संशोधकांच्या २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत मात्र वेगळे दिसले. मेंदूतल्या विद्युतलहरी टिपत कसलेल्या पियानोवादकांना वाजवायला लावले, तेव्हा चुकीचा सूर उमटण्याच्या ७० ते १०० मिलिसेकंद आधीच एक वेगळी लहर उठलेली आढळली. एवढ्या वेळात बोट आवरत नाही, पण ती पट्टी इतरांपेक्षा जरा हलकी दाबली जाते.

शिकाऊ मुलांच्या मेंदूत हात आणि सूर यांची अशी सांगड अजून बसायची असते. ती बसते चुकांतूनच. योजलेला सूर आणि निघालेला सूर यांतली तफावत मेंदू मोजतो आणि पुढच्या वेळची हालचाल त्याप्रमाणे बदलतो. पेटीवर पलटा चुकला की मुलीला बहुधा ते जाणवलेले असते. त्यावर स्वयंपाकघरातून "परत चुकलीस!" असा आवाज आला, तर तिला नवे काही कळत नाही. तिचे लक्ष मात्र सुरावरून आईच्या नाराजीकडे जाते.

केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ या नामवंत गायकांची नावे गोव्यातल्या गाणाऱ्या घरांत नेहमी निघतात. त्यामुळे कौतुकही त्याच मापाने होते: "अगदी केसरबाईंचा गळा!" मला हे कौतुक टोमण्याइतकेच जड वाटते. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांना कोडी घातली. काहींना "हुशार आहेस" म्हटले, काहींना "मेहनत घेतलीस". पुढची कोडी अवघड निघाल्यावर हुशार म्हटलेली मुले लवकर नाउमेद झाली. आपले गुण वाढवून सांगणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. मोठे नाव लावले की ते राखायचे ओझे येते, आणि मग मूल न जमणारी तान घ्यायचेच टाळते.

याउलट चवथीची आरती बघा. मोठ्यांच्या ओळीत लहान मुलगा घुमट हे मातीचे तालवाद्य घेऊन बसतो. त्याचा ठेका सुटला तरी आरती थांबत नाही. शेजारचा काका सम जरा ठळक वाजवतो आणि पुढच्या आवर्तनात पोर पुन्हा जागेवर येते. इतके निर्मळ शिकणे वर्गात क्वचितच दिसते.

तरी चुका तशाच सोडून चालत नाही. टेक्सास विद्यापीठात १७ पियानो विद्यार्थ्यांना रशियन संगीतकार शोस्ताकोविचच्या रचनेचा एक तुकडा बसवायला देऊन दुसऱ्या दिवशी वाजवून घेतला. हा अभ्यासही २००९ चाच. कोणी किती वेळ सराव केला, याने निकाल ठरला नाही. उत्तम ठरलेल्यांच्या सुरुवातीच्या चुकाही इतरांपेक्षा कमी नव्हत्या. पण चूक नेमकी कुठे आणि कशामुळे होते ते त्यांनी हेरले, लय उतरवली आणि तेवढीच जागा पक्की होईपर्यंत घोटली.

म्हणून वर्गात बाईंनी किंवा सरांनी आधी "कुठं अडलं?" एवढेच विचारावे आणि उत्तर मुलाकडून येऊ द्यावे. मग ती जागा निम्म्या लयीत, दोन-चार सुरांची. जमली की तिच्या मागचा-पुढचा भाग जोडून घ्यावा. प्रारंभिकची परीक्षा आठवड्यावर आली असली, तरी पूर्ण बंदिश दहा वेळा गाऊन घेण्यापेक्षा हाच क्रम ठेवावा.