जनुक-खुणांच्या अभ्यासासाठी रक्त देताना: पात्रता, कागदपत्रे आणि संमतीपत्र

पावसाळ्यात व्हायरल तापाचे रुग्ण वाढले की डॉक्टरांना रोज एकच पेच पडतो. आज साध्या खोकल्याने आलेल्यांपैकी उद्या ऑक्सिजन कोणाला लावावा लागेल? स्वॅबवरून विषाणू कोणता ते कळते, पण आजार किती बळावेल ते कळत नाही. म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधली कोणती जनुके जोरात कामाला लागली आहेत, हे आरएनए (कामाला लागलेल्या जनुकाची पेशीत निघणारी नक्कल) मोजून पाहणारे अभ्यास होत आहेत. आयएफआय२७सारखी इंटरफेरॉनशी (विषाणूविरुद्ध शरीर सोडते त्या प्रथिनाशी) निगडित जनुके विषाणू अंगात शिरताच जोर धरतात. आजार गंभीर वळण घेतो तेव्हा बहुधा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या जनुकांचे काम वाढते आणि एचएलए-डीआर गटातल्या, म्हणजे प्रतिकारशक्तीला जंतूची ओळख पटवणाऱ्या जनुकांचे कमी होते. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये २९ जनुके मोजणाऱ्या अशा एका चाचणीला मान्यता मिळाली. आपल्याकडे मात्र नेहमीच्या तपासण्यांत ही चाचणी नसते. ती सहसा संशोधन प्रकल्पातच होते.

तेव्हा गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा मडगावात आपला माणूस दाखल असताना कोणी अशा अभ्यासासाठी रक्त मागितले, तर त्याचा अर्ज म्हणजे संमतीपत्रच. सही करण्याआधी ते शेवटच्या पानापर्यंत वाचा, असा माझा आग्रह आहे.

पात्रता प्रत्येक अभ्यासाची वेगळी असते. वय, लक्षणे सुरू होऊन किती दिवस झाले, विषाणूचे निदान पक्के आहे का, हे साधारणपणे बघतात. स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील, नुकतेच रक्त चढवले असेल, तर आवर्जून सांगा, कारण त्याने जनुकांचे आकडे बदलतात. तुलनेसाठी निरोगी माणसेही लागतात, त्यामुळे सोबत आलेल्या नातेवाइकांनाही विचारणा होऊ शकते.

कागदपत्रांचे फारसे ओझे नाही. केस पेपर, आधीचे रिपोर्ट आणि चालू औषधांची चिठ्ठी जवळ ठेवा. मूल असेल तर जन्मतारखेचा पुरावा असू द्या. संशोधनापुरत्या जादा तपासणीचा खर्च रुग्णावर टाकायचा नसतो. कोणी त्यासाठी पैसे मागितले, तर संमतीपत्रावर ज्या नीतिशास्त्र समितीचा (अभ्यास तपासून मंजुरी देणाऱ्या समितीचा) फोन दिलेला असतो तिथे कळवा.

आता संमतीपत्र. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते रुग्णाला समजेल अशा भाषेत हवे. इंग्रजी प्रत हातात दिली तर मराठी किंवा कोंकणी प्रत मागा. त्यात संकोच नको. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळे वाचून दाखवावे लागते, मग अंगठा. सात ते अठरा वयाच्या मुलांच्या बाबतीत पालकांची सही लागते आणि मुलाचा होकारही: बारापर्यंत तोंडी, पुढे लेखी. रुग्ण शुद्धीवर नसेल तर जवळचा नातेवाईक सही करतो, पण रुग्ण सावरल्यावर त्याला पुन्हा विचारले पाहिजे. सही केलेली एक प्रत तुमची. ती मागून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो नमुना साठवण्याच्या कलमाला. उरलेले रक्त पुढच्या संशोधनासाठी ठेवायचे का, दुसऱ्या संस्थेकडे किंवा परदेशी पाठवायचे का, याची संमती वेगळी असते. मुख्य अभ्यासाला हो आणि साठवणीला नाही, असे म्हणता येते. आणखी एक विचारा: फक्त आरएनए मोजणार की डीएनएही काढणार? पेशी आत्ता काय करत आहेत ते आरएनए सांगतो; डीएनएत मात्र घराण्याकडून आलेली माहिती असते, आणि ती तुमच्या भावंडांचीही असते. उत्तर गोलमोल आले तर सही थांबवा.

रक्त एरवीसारखेच हाताच्या शिरेतून काढतात. आरएनएसाठी बऱ्याचदा वेगळी नळी वापरतात. तिच्यात आधीच स्वच्छ पाण्यासारखे द्रव असते आणि रक्त जेमतेम अडीच मिलिलिटर जाते. भरल्यावर नर्स ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट करते, जोराने हलवत नाही. आरएनए फार लवकर तुटून नष्ट होतो. त्या द्रवामुळे तो टिकतो. द्रव बघून नळी आधी वापरलेली आहे असे वाटून घाबरू नका.

अभ्यासाची नोंद खरी आहे का, हे सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया) या सरकारी संकेतस्थळावर फुकट शोधता येते. औषधाच्या चाचण्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे, निरीक्षणात्मक (नवे औषध न देता फक्त नोंदी घेणारे) अभ्यासही तिथे नोंदवता येतात. तिथे नाव नसेल तर नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीचा क्रमांक विचारा.

मन बदलले तर कधीही बाहेर पडता येते, कारण देण्याची गरज नाही, आणि त्यामुळे उपचारात फरक पडता कामा नये. मुख्य संशोधकाच्या नावे दोन ओळींचे पत्र द्या, पोच घ्या, आणि साठवलेला नमुना नष्ट करावा असे त्यात स्पष्ट लिहा. नाव काढून आधीच हिशेबात धरलेले आकडे मात्र सहसा परत घेता येत नाहीत, म्हणून हे पत्र लवकर द्यावे.