संख्याशास्त्राच्या पहिल्या कोर्समध्ये साक्षरता कुठून आली?

अमेरिकेतल्या कॉलेजांत संख्याशास्त्राचा पहिला कोर्स करणाऱ्या बहुतेकांचा तो शेवटचाही असतो. मानसशास्त्र, नर्सिंग, वाणिज्य शिकणारी ही मुलं संख्याशास्त्रज्ञ होणार नसतात, पण बातम्यांतले आकडे त्यांना आयुष्यभर वाचावे लागतात. तरी कित्येक वर्षं त्यांच्याकडून करून घेतलं जायचं ते प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप) हाताने काढणं आणि टी-चाचणीसाठी (दोन गटांच्या सरासरींतला फरक योगायोगाचा असू शकतो का, हे तपासण्यासाठी) पुस्तकामागचे तक्ते पाहणं. कॅल्क्युलेटर आणि संगणक आल्यावर आकडेमोडीत वेळ घालवायचं कारण उरलं नाही, तरी अभ्यासक्रम लगेच बदलला नाही.

१९९२ साल महत्त्वाचं. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या अध्यक्ष कॅथरीन वॉलमन यांनी अध्यक्षीय भाषणाचा विषयच संख्याशास्त्रीय साक्षरता निवडला: रोजच्या जगण्यात समोर येणारे निष्कर्ष समजून घेणं आणि ते तपासून पाहणं. त्याच वर्षी संख्याशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज कॉब यांच्या अहवालाने शिक्षकांना सांगितलं की खरी माहिती (डेटा) आणि संकल्पना वाढवा, सिद्धांत आणि ठरावीक कृती कमी करा. पुढे २००२मध्ये इस्रायलच्या इड्डो गॅल यांनी त्यात मोलाची भर घातली. नुसतं ज्ञान पुरत नाही, प्रश्न विचारायची वृत्तीही लागते, हे त्यांनी ठामपणे मांडलं.

ही वृत्ती कशी घडते, हे बर्कली विद्यापीठाच्या उदाहरणात दिसतं. १९७३च्या पदव्युत्तर प्रवेशांत सुमारे ४४ टक्के पुरुष अर्जदारांची निवड झाली, स्त्रियांची ३५ टक्के. उघड भेदभाव वाटावा असेच आकडे. विभागवार पाहिल्यावर मात्र स्त्रियांविरुद्धचा तो कल जवळपास नाहीसा झाला, कारण जिथे प्रवेश मिळणं कठीण, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त गेले होते. त्या विभागांकडे स्त्रिया का वळल्या, हा प्रश्न तरीही उरतोच. यातलं गणित शाळकरी आहे. अवघड आहे ते एका टक्केवारीवर न थांबणं.

२००५मध्ये असोसिएशनने स्वीकारलेल्या, संख्याशास्त्र कसं शिकवावं हे सांगणाऱ्या ‘गेझ’ (GAISE) मार्गदर्शक तत्त्वांच्या कॉलेज अहवालात पहिलीच शिफारस होती संख्याशास्त्रीय साक्षरतेवर भर देण्याची आणि संख्याशास्त्रीय विचार घडवण्याची. २०१६च्या सुधारित आवृत्तीत एकाच वेळी अनेक घटकांचा विचार करायला शिकवा, हे स्पष्टपणे आलं. बर्कलीसारखी कोडी त्याशिवाय सुटतच नाहीत. शिफारशीच्या शीर्षकातून ‘साक्षरता’ मात्र गेली, ‘संख्याशास्त्रीय विचार शिकवा’ एवढंच राहिलं. मला वाटतं, तो शब्द तिथे राहायला हवा होता. या वर्गात बसलेल्या बहुतेकांना आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेले आकडेच वाचायचे असतात.