सिनड आणि सिनड: अँग्लिकन धर्मप्रांताची वेगळी, कॅथलिकांची वेगळी

2022 साली वसईला मावशीकडे गेले होते. तिच्या कॅथलिक चर्चमध्ये तेव्हा सिनडच्या, म्हणजे चर्चच्या विचारविनिमयाच्या सभेच्या, बैठका चालल्या होत्या. लोकांचं ऐका, असं पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मप्रांतांना (एकेका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागांना) सांगितलं होतं आणि त्याप्रमाणे धर्मग्रामातली, म्हणजे एकेका चर्चच्या परिसरातली, माणसं गटागटाने बसून बोलत होती. मावशीने आपलं म्हणणं वहीत लिहून नेलं होतं: तरुण मुलं मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, का येत नाहीत, निर्णय होतात तिथे बायका का नसतात. त्याच संध्याकाळी इंग्लंडहून माझ्या नणंदेचा फोन आला. माझं सासर पुण्याचं, चर्च ऑफ नॉर्थ इंडियातलं. नणंद लग्नानंतर तिकडे गेली आणि तिथल्या अँग्लिकन चर्चमध्ये रुळली. ती म्हणाली, "शनिवारी आमची सिनड आहे. बजेटवर मत द्यायचंय आणि कागद वाचून संपत नाहीयेत."

मावशी शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तिची पण सिनड आणि आमची पण सिनड. मग तिला मत आणि मला वही, असं का गं?"

तेव्हा मला धड सांगता आलं नाही. नंतर वाचलं, नणंदेला खोदून खोदून विचारलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

शब्द ग्रीक आहे, अर्थ 'एकत्र वाटचाल'. दोन्हीकडे सभा बिशप बोलावतात, खुर्चीवर बिशपच असतात, समोर धर्मगुरूही बसतात आणि प्रापंचिकही, म्हणजे चर्चमधली साधी संसारी माणसंही. सुरुवात प्रार्थनेने होते. दारातून डोकावणाऱ्याला दोन्ही सभा सारख्याच वाटतील. चर्चा संपून निर्णयाची वेळ आली की मात्र दोन वाटा फुटतात.

आधी नणंदेची सिनड पाहू. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 42 धर्मप्रांत आहेत आणि प्रत्येकाची स्वतःची सिनड आहे. सभासद खालून वर निवडून येतात. चर्चच्या मतदारयादीत नाव असलेली माणसं वार्षिक सभेत आपले प्रतिनिधी डीनरी सिनडवर पाठवतात. डीनरी म्हणजे शेजारशेजारच्या धर्मग्रामांचा गट, आपल्याकडच्या तालुक्यासारखा. डीनरीतले प्रापंचिक सभासद मग धर्मप्रांताच्या सिनडसाठी मतदान करतात. मुदत तीन वर्षांची असते आणि वर्षातून किमान दोनदा बैठक घ्यावीच लागते. बिशपांना वाटलं तर घ्यायची, नाहीतर राहू द्यायची, अशी मुभा नाही.

बसायला सगळे एकाच दालनात, पण कायद्याच्या नजरेत ती तीन सभागृहं असतात: बिशपांचं, धर्मगुरूंचं आणि प्रापंचिकांचं. साध्या विषयावर सगळ्यांचं मत एकत्र मोजतात. विषय नाजूक असला आणि बिशपांनी तसं सांगितलं, किंवा ठरावीक संख्येने सभासदांनी मागणी केली, तर प्रत्येक सभागृहाची मतं वेगळी मोजली जातात आणि ठराव तिन्हीकडे मंजूर व्हावा लागतो. एका सभागृहात पडला की पडला. बिशपांच्या सभागृहात मुख्य बिशप आणि त्यांचे सहायक बिशप असतात, म्हणजे मोजकीच माणसं. तिथे मुख्य बिशप असा आग्रह धरू शकतात की होकार देणाऱ्या बहुमतात आपण स्वतः असलो तरच त्या सभागृहाचा होकार धरावा. थोडक्यात, बिशपांना डावलून काही करता येत नाही आणि बिशपांनाही बाकीच्या दोघांना डावलता येत नाही.

1969 च्या ज्या कायद्याने ही व्यवस्था उभी केली, त्यातलं एक कलम मला फार मोलाचं वाटतं. धर्मप्रांताच्या दृष्टीने सर्वसाधारण महत्त्वाच्या गोष्टींत सिनडचा सल्ला घेणं हे बिशपांचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलं आहे. मर्यादाही तिथेच घातली आहे: अमुक एक गोष्ट म्हणजे चर्चची शिकवण, असं जाहीर करण्याचा अधिकार धर्मप्रांताच्या सिनडला नाही. तो विषय वरच्या जनरल सिनडचा, म्हणजे सगळ्या चर्च ऑफ इंग्लंडच्या राष्ट्रीय सभेचा.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं, आणि त्यात पैसा मोठा. धर्मगुरूंचं मानधन, त्यांची घरं, प्रशिक्षण, यांतला बराचसा खर्च धर्मग्रामांनी धर्मप्रांताला दिलेल्या वर्गणीतून निघतो, आणि त्याचा अर्थसंकल्प सिनडपुढे येतो. नणंदेने पहिल्या बैठकीचं वर्णन केलं होतं. शनिवारची सकाळ, शाळेचं सभागृह, मागच्या टेबलावर चहाची किटली. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. एक निवृत्त बसड्रायव्हर उठला, हिशेबातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, आमच्या चर्चला तीन वर्षं पाळक नाही, मग आमची वर्गणी वाढली कशी? उत्तर मिळेपर्यंत तो बसला नाही, आणि कोणी त्याला बस म्हटलंही नाही.

पण धर्मप्रांतांची खरी ताकद दिसते ती मोठ्या प्रश्नांत. बिशपपद किंवा मुख्य उपासना यांसारख्या गोष्टींत कायमचा बदल करायचा असेल, तर जनरल सिनडला आधी तो धर्मप्रांतांकडे पाठवावा लागतो आणि बहुसंख्य धर्मप्रांतांचा होकार मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जगभरच्या अँग्लिकन चर्चना एका कराराने बांधण्याचा प्रस्ताव असाच खाली आला. चर्च ऑफ इंग्लंडचे सर्वांत वरिष्ठ बिशप, म्हणजे कँटरबरीचे आर्चबिशप, तेव्हा रोवन विल्यम्स होते आणि त्यांचा त्याला मनापासून पाठिंबा होता. तेव्हा धर्मप्रांत 44 होते. 2012 मध्ये मतदान संपलं तेव्हा त्यांपैकी 26 धर्मप्रांतांनी नाही म्हटलं होतं आणि विषय तिथेच थांबला. कँटरबरीच्या आर्चबिशपांना त्यांच्याच चर्चमधल्या शनिवारच्या सभांनी अडवलं.

त्याच वर्षी उलटंही घडलं. स्त्रियांना बिशप करण्याच्या कायद्याला 44 पैकी 42 धर्मप्रांतांच्या सिनडनी होकार दिला होता. 20 नोव्हेंबर 2012 ला तो लंडनमध्ये जनरल सिनडपुढे आला. प्रत्येक सभागृहात दोन तृतीयांश मतं हवी होती. बिशप 44 विरुद्ध 3. धर्मगुरू 148 विरुद्ध 45. प्रापंचिक 132 विरुद्ध 74. तिसऱ्या सभागृहात सहा मतं कमी पडली आणि सगळा कायदा कोसळला. अनेक वर्षांचं काम, बिशपांचा जवळजवळ एकमुखी पाठिंबा, आणि अडवलं कोणी, तर प्रापंचिकांनी. दोन वर्षं पुन्हा बोलणी झाली, विरोधकांना सांभाळून घेणारी नवी मांडणी झाली. ती पुन्हा धर्मप्रांतांकडे गेली, आणि ज्या 43 धर्मप्रांतांनी मतदान केलं त्या सगळ्यांनी होकार दिला. जुलै 2014 मध्ये प्रापंचिकांची मतं 152 विरुद्ध 45 पडली. 26 जानेवारी 2015 ला यॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये लिबी लेन यांचा चर्च ऑफ इंग्लंडच्या पहिल्या स्त्री बिशप म्हणून अभिषेक झाला.

2012 चा निकाल मला आजही दुखतो. तरी ज्या नियमामुळे तो लागला, तो नियम नसावा असं मला वाटत नाही. सामान्य माणसाच्या 'हो'ला किंमत हवी असेल तर त्याच्या 'नाही'लाही ती द्यावी लागते.

तीन सभागृहांची ही कल्पना इंग्लंडमध्ये जन्मली असं वाटेल, पण इंग्लंड उलट मागे राहिलं. तिथल्या धर्मगुरूंच्या जुन्या सभा 1717 साली राजाज्ञेने बंद पडल्या आणि पुन्हा कामाला लागायला 1852 उजाडलं. न्यूझीलंडमध्ये मात्र 1857 सालीच बिशप जॉर्ज सेल्विन यांच्या पुढाकाराने चर्चची घटना तयार झाली, आणि बिशप, धर्मगुरू, प्रापंचिक अशा तिघांच्याही संमतीशिवाय काही मंजूर नाही, असं तिने ठरवलं. तिकडे सरकारी चर्च नव्हतं. चर्च चालवायचं तर लोकांच्या खिशातून, आणि ज्यांच्या खिशातून चालवायचं त्यांना विचारल्याशिवाय कसं चालणार?

आता मावशीची बाजू. काटेकोरपणे पाहिलं तर ती ज्यात बसली होती ती धर्मप्रांताची सिनड नव्हतीच. पोप सहावे पॉल यांनी 1965 मध्ये रोमला बिशपांची सिनड स्थापन केली. मावशीची बैठक ही त्या सिनडच्या पुढच्या अधिवेशनाची तयारी होती. त्या अधिवेशनात, ऑक्टोबर 2023 मध्ये, स्त्रियांना पहिल्यांदाच मत देता आलं. ही लहान गोष्ट नाही. पण ते मतही पोपना सल्ला म्हणूनच जातं.

कॅथलिक धर्मप्रांताची स्वतःची सिनडही असते आणि तिचे नियम 1983 च्या धर्मविधिसंहितेत, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या पुस्तकात, आहेत. सहायक बिशप, सेमिनरीचे रेक्टर, विभागाविभागांचे धर्मगुरू, संन्यस्तांचे प्रमुख आणि निवडलेले प्रापंचिक यांना तिथे बोलावतात. प्रत्येक प्रश्नावर मोकळी चर्चा व्हावी, असं संहिताच सांगते. पण सिनडमध्ये कायदा करणारे एकटे बिशप असतात आणि बाकी सगळ्यांचं मत सल्ल्यापुरतं असतं. ठरावांवर सही फक्त बिशपांची, आणि त्यांच्या परवानगीशिवाय ठराव प्रसिद्धही होत नाहीत. सभा कधी घ्यायची हेही धर्मगुरूंच्या परिषदेचा सल्ला घेऊन बिशपच ठरवतात. 1917 च्या जुन्या संहितेत दहा वर्षांतून एकदा तरी सिनड घ्या असं बंधन होतं, ते नव्या संहितेत राहिलं नाही.

बिशप ऐकतच नाहीत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. मी वसईची मुलगी. लोकांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेऊन स्वतःचं मत बदललेले धर्मगुरू मी पाहिले आहेत. कॅथलिक समजुतीप्रमाणे बिशप हे प्रेषितांचे वारस आहेत आणि कळपाची जबाबदारी त्यांच्या खांद्यावर आहे. ती मतपेटीवर ढकलता येत नाही. या विचारामागे श्रद्धेचं मोठं बळ आहे, आणि बहुमताच्या चुकीपासून तो कधीकधी वाचवतोही. फरक इतकाच की तिथलं ऐकणं बिशपांच्या मनावर अवलंबून राहतं.

याचं फार जुनं आणि कडू उदाहरण गोव्याशी जोडलेलं आहे. 1599 च्या जून महिन्यात गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी कोचीजवळच्या उदयमपेरूर गावी संत थॉमस ख्रिस्ती लोकांची, म्हणजे केरळातल्या प्राचीन ख्रिस्ती समाजाची, सिनड भरवली. धर्मगुरू होते, शेकडो प्रापंचिकही होते. पण ठराव आर्चबिशपांनी आधीच पोर्तुगीजमध्ये तयार केले होते. मल्याळममध्ये करून ते वाचून दाखवले आणि खाली सह्या घेतल्या. दालन भरलेलं होतं, पण नाही म्हणायला जागा नव्हती. 1653 मध्ये मट्टांचेरीला त्याच समाजातल्या हजारो माणसांनी क्रुसाला साक्षी ठेवून शपथ घेतली आणि पोर्तुगीजांच्या आश्रयाखालच्या धर्माधिकाऱ्यांच्या वर्चस्वापासून स्वतःला तोडलं. आजची कॅथलिक सिनड अशी नसते, हे पुन्हा सांगते. पण दालनात न उमटलेला नकार पुढे कुठे उमटतो, ते या इतिहासात दिसतं.

दोन्ही सिनडमधला फरक एका प्रसंगात अगदी उघडा पडतो: बिशप वारले किंवा निवृत्त झाले तर? कॅथलिक संहितेनुसार पद रिकामं झालं की चालू असलेली सिनड आपोआप थांबते आणि नवे बिशप ठरवतील तेव्हाच पुढे सुरू होते, किंवा संपते. साहजिकच आहे, सही करणारा हातच राहिलेला नसतो. इंग्लंडमध्ये उलट त्या वेळी धर्मप्रांत जास्तच जागा होतो. तिथे याच कामासाठी एक समिती असते. आम्हाला कसे बिशप हवेत याचं निवेदन ती तयार करते, आणि नवं नाव सुचवणाऱ्या राष्ट्रीय आयोगावर आपले सहा जण पाठवते. त्या आयोगात मत असलेले सभासद चौदा. नेमणूक शेवटी राजाच्या नावाने होते, पण चौदांतल्या सहा खुर्च्यांवर त्या धर्मप्रांताची माणसं बसलेली असतात.

आपल्याकडे या शब्दाने आणखी एक घोळ घातला आहे. माझ्या सासरी 'सिनड' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे दिल्लीतली संस्था येते. चर्च ऑफ नॉर्थ इंडियात अँग्लिकनांसह सहा परंपरा एकत्र आल्या. त्यात सिनड हे सगळ्या चर्चच्या राष्ट्रीय सभेचं नाव आहे. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर अशा धर्मप्रांतांत जी सभा भरते ती डायोसिसन कौन्सिल. इंग्लंडमधल्या धर्मप्रांताच्या सिनडशी जुळवायचं तर या कौन्सिलशी जुळवावं, दिल्लीच्या सिनडशी नव्हे. योगायोग असा की इंग्लंडची जनरल सिनड आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या दोन्हींचा आरंभ एकाच महिन्यातला, नोव्हेंबर 1970 मधला. आपल्या चर्चची स्थापना 29 तारखेला नागपुरात झाली. तेव्हा तिथे असलेल्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाचा एक फोटो अजून घरात भिंतीवर आहे.

मावशीला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने बाकीचं बाजूला ठेवून आधी विचारलं, "मग त्या शनिवारी बजेटचं काय झालं?" मंजूर झालं होतं, पण नणंदेच्या डीनरीने सुचवलेली दुरुस्ती घेऊन: ज्या चर्चला वर्षभर पाळक नाही त्याची वर्गणी त्या वर्षी वाढवायची नाही. मावशीने ते आपल्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं.