नागपुरातून लोकसभेला अपक्ष उभं राहायचंय? आधी दहा सूचक शोधा

१९६२ साली काँग्रेसने लोकसभेच्या ४९४ पैकी ३६१ जागा जिंकल्या, तरी नागपूरकरांनी बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून दिल्लीला पाठवलं. त्यांच्यामागे वेगळ्या विदर्भाची चळवळ होती. मागे कोणी नसतानाही उभं राहता येतं, पण मग कागद पक्के हवेत.

पात्रता सोपी आहे. भारताचं नागरिकत्व, छाननीच्या दिवशी वयाची २५ वर्षं पूर्ण आणि देशातल्या कोणत्याही लोकसभा मतदारसंघाच्या यादीत नाव. नाव बाहेरच्या यादीत असेल तर त्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी लागते.

खरी अडचण सूचकांची, म्हणजे तुमचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांची. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि तेही याच मतदारसंघाचे मतदार. नागपूर लोकसभेत शहरातले सहाच विधानसभा मतदारसंघ येतात. हिंगणा, कामठीचे मतदार रामटेकमध्ये मोडतात. रोज सीताबर्डीला कामाला येणारा वाडीचा मित्र इथे चालत नाही. प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक स्वतः तपासा आणि सही समोर बसवून घ्या. २०२४ मध्ये सूरतला सूचकांनीच ‘सह्या आमच्या नाहीत’ असं सांगितलं आणि काँग्रेस उमेदवाराचा अर्ज बाद झाला. पुढे बाकीच्यांनी माघार घेतली नि मतदानच झालं नाही.

अर्ज नमुना २-अ मध्ये, सोबत नमुना २६ चं शपथपत्र. त्यात तुमची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्जं, पॅन, शिक्षण, गुन्हे. एकही रकाना रिकामा ठेवू नका, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. गुन्हे लपवण्यात तर काहीच अर्थ नाही. ते वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीनदा जाहीर करावेच लागतात.

अनामत रक्कम २५,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना १२,५००. रोख किंवा कोषागाराचं चलन, धनादेश घेत नाहीत. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. बहुतेक अपक्षांची होतेच, तेव्हा ती गेली असं धरूनच चला. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं.

रामटेकची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तिथे २०२४ मध्ये जात प्रमाणपत्र अवैध ठरल्याने काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला आणि पर्यायी अर्ज भरलेले त्यांचे पती निवडून आले. प्रमाणपत्र अवैध ठरवण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने नंतर रद्द केला, पण तोवर निकाल लागून गेला होता.

अर्ज सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयात, सकाळी ११ ते दुपारी ३. सोबत चारच जण. मिरवणूक काढायची तर वेळेचं भान ठेवा. अर्ज दिल्यावर शपथ घ्यायची असते. ती छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत उरकावी लागते.

हरलात तरी निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय तो दिला नाही, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.