‘द रेड पोनी’ आणि दुखावलेला वाचक: एक पार्श्वभूमी

जॉन स्टाइनबेक यांचे ‘द रेड पोनी’ हे एकमेकींत गुंफलेल्या चार कथांचे, शंभरेक पानांचे पुस्तक अमेरिकी शाळांतून कित्येक पिढ्या वाचत आल्या आहेत, आणि त्याविषयीचा वादही जवळजवळ तितकाच जुना आहे. कॅलिफोर्नियातील एका रँचवर, म्हणजे गुराघोड्यांच्या मळ्यावर, वाढणारा दहा वर्षांचा जोडी टिफ्लिन, त्याला वडिलांनी आणून दिलेले तांबडे शिंगरू आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या मुलाला आलेली जाण, एवढाच त्याचा विषय आहे. काही वाचकांना बालपण संपते कसे हे इतक्या सरळपणे सांगणारे दुसरे पुस्तक आठवत नाही. काही जण मात्र बाराव्या-तेराव्या वर्षी हे वाचायला लावले म्हणून आजही शिक्षकांना दोष देतात. मुखपृष्ठावर गोजिरवाणे शिंगरू आणि आत रक्त, पू व गिधाडे, ही आपली फसवणूक आहे, असे त्यांचे म्हणणे असते. ही तक्रार खोटी नाही. परंतु तिचे मूळ कथेत जितके आहे, त्याहून अधिक ते पुस्तक वाचकांपर्यंत ज्या वाटेने पोहोचले त्या वाटेत आहे.

यातली पहिली कथा 1933 साली सॅलिनास गावात, आजाऱ्याच्या उशाशी लिहिली गेली. स्टाइनबेक तेव्हा एकतीस वर्षांचे होते. त्यांची पहिली पुस्तके फारशी खपली नव्हती आणि वडिलांकडून दरमहा मिळणाऱ्या 25 डॉलरांवर त्यांचा संसार चालला होता. आई ऑलिव्ह पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या आणि मुलगा शुश्रूषेसाठी घरी आला; माँटेरी काउंटीचे खजिनदार असलेले वडीलही पुढे त्या ताणाखाली खचले. जॉर्ज आल्बी या लेखकमित्राला पाठवलेल्या पत्रात स्टाइनबेक यांनी आपल्या लेखनाची तेव्हाची रीत सांगितली आहे. एक परिच्छेद टंकायचा, उठून आईला शौचाचे भांडे द्यायचे, परत येऊन दोन-तीन परिच्छेद, मग चादर बदलण्यासाठी आईला कुशीवर वळवायचे, आणि पुन्हा यंत्रापाशी बसायचे. ऑलिव्ह 1934 च्या फेब्रुवारीत गेल्या, वडील 1935 मध्ये. ‘द रेड पोनी’ आपल्या घरावर अवकळा आली असताना लिहिली गेली, असे स्टाइनबेक यांनी वीस वर्षांनी नोंदवले. घर अमर असते हा प्रत्येक मुलाचा समज पहिल्या मृत्यूने मोडतो आणि बहुधा तिथेच माणसाचे मोठेपण सुरू होते, असा त्यांचा आशय होता. घोड्याच्या पिल्लाची गोष्ट लिहिताना लेखकाच्या डोळ्यांपुढे बालवाचक नव्हता, स्वतःचे मोडत चाललेले घर होते.

आल्बींना लिहिलेल्या त्याच पत्रात आणखी एक कळीची गोष्ट आहे. एका मुलाला शिंगरू मिळते आणि त्या शिंगराला घशाचा आजार होतो, एवढेच कथानक असून त्यात बराचसा भाग घोडा कसा शिकवावा आणि आजाराचा इलाज कसा करावा याचाच आहे, असे ते सांगतात. मुलाच्या मनात न शिरता, पण जणू त्याच्याच मनातून उतरल्यासारखी गोष्ट सांगायची आणि त्याचे मन घडवण्याचे काम वाचकावर सोडायचे, हा त्यांचा प्रयोग होता. आज वाचकांच्या ज्या तीव्र प्रतिक्रिया दिसतात, त्यांचे बरेचसे स्पष्टीकरण मला या वाक्यात सापडते. लेखक जोडीच्या वतीने रडत नाही, समजूत घालत नाही, आणि वाचकाला धरायला कोणाचा हात मिळत नाही.

पहिल्या कथेचा, म्हणजे ‘द गिफ्ट’चा, शेवट जवळून पाहिला की हे पटते. खेळ दाखवणारी एक मंडळी दिवाळखोरीत निघाली आणि शेरीफने तिचे सामान विक्रीला काढले. त्यातून वडील कार्ल टिफ्लिन हे शिंगरू व त्याच्यासोबत तांबड्या मऊ कातड्याचे, रानात कुचकामी असलेले नखरेल खोगीर घेऊन येतात. जोडी शिंगराचे नाव समोरच्या डोंगररांगेवरून गॅबिलन ठेवतो. घोड्यांतले सारे काही कळणारा रँचवरचा गडी बिली बक पाऊस येणार नाही म्हणतो आणि आलाच तर शिंगरू आत बांधीन असा शब्दही देतो. पाऊस येतो, बिली दुसऱ्या रँचवर अडकतो आणि शिंगरू भिजते. मग वाफारे सुरू होतात, जबड्याखालची गाठ फोडली जाते, आणि श्वास कोंडू लागल्यावर बिली चाकूने श्वासनलिकेला भोक पाडतो. शेवटच्या रात्री वाऱ्याने तबेल्याचे दार उघडे पडते, शिंगरू बाहेर जाते आणि मागावर निघालेल्या जोडीला ते गिधाडांच्या घोळक्यात सापडते. एका गिधाडाची मान पकडून तो त्याला दगडाने ठेचून मारतो. शिंगराला गिधाडाने मारलेले नाही हे तुला कळत नाही का, असे वडील विचारतात, आणि त्याला ते कळतेच, पण त्याला काय वाटत असेल हे तुम्हाला दिसत नाही का, म्हणून बिली त्यांच्यावरच उसळतो. कथा जवळपास तिथेच थांबते.

ही सामग्री ऐकीव नव्हती. स्टाइनबेक यांच्याकडे लहानपणी जिल नावाची तांबडी पोनी होती. धाकट्या बहिणीसह, मेरीसह, ते तिच्या पाठीवर बसलेले असतानाचे छायाचित्र उपलब्ध आहे. आजोळचे, हॅमिल्टन मंडळींचे, रँच किंग सिटीजवळ होते. घोडी पाळणाऱ्या वाचकांचा या कथेवरचा आक्षेपही याच संदर्भात तपासावा लागतो. शिंगराला झालेला रोग हा जिवाणूंचा संसर्ग आहे. तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो, नुसत्या पावसात भिजल्याने होत नाही. हे खरेच आहे. मात्र 1933 मध्ये पेनिसिलिन पशुवैद्यांच्या हाती आलेले नव्हते आणि वाफ देणे, गाठ फोडणे, वेळ पडल्यास श्वासनलिका उघडणे हेच त्या काळचे उपचार होते. बिलीचा अपराध उपचारात नाही, दिलेला शब्द न पाळण्यात आहे, आणि जोडीच्या मनात सलते तेही हेच.

आता प्रकाशनाची वाट. पहिल्या दोन कथा 1933 च्या अखेरीस ‘नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू’ या प्रौढांच्या वाङ्मयीन नियतकालिकात आल्या, तिसरी ‘द प्रॉमिस’ 1937 मध्ये ‘हार्पर्स’मध्ये. ‘टॉर्टिला फ्लॅट’ आणि ‘ऑफ माइस अँड मेन’ यांनी लेखकाला नाव मिळवून दिल्यावर कोविची-फ्रीडे या प्रकाशनसंस्थेने त्याच वर्षी तीन कथांची 699 प्रतींची, लेखकाच्या सहीची आवृत्ती काढली. किंमत होती दहा डॉलर. महामंदी ओसरलेली नसताना दहा डॉलर मोजणारा ग्राहक म्हणजे पुस्तकसंग्राहक. शाळकरी मुलगा नव्हे. 1938 मध्ये याच कथा ‘द लाँग व्हॅली’ या संग्रहात आल्या. त्या संग्रहात ‘द लीडर ऑफ द पीपल’ ही टिफ्लिन कुटुंबाची चौथी कथाही होती, पण वेगळ्या शीर्षकाखाली. चौथ्या कथेसह स्वतंत्र पुस्तक व्हायकिंगने 1945 साली काढले आणि चित्रांसाठी वेस्ली डेनिस यांची निवड केली. मुलांसाठीच्या घोड्यांच्या पुस्तकांचे चित्रकार म्हणून डेनिस यांचे नाव पुढे घरोघरी झाले. पुस्तकातला एकही कटू प्रसंग गाळलेला नव्हता, मात्र ते दिसू लागले होते भेटवस्तूसारखे.

मधल्या काळात बाजारही बदलला होता. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’ला 1939 मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, त्यातही पाळलेल्या हरणाचा बळी जातो. 1941 मध्ये वायोमिंगमधल्या रँचवरची, मेरी ओहारा यांची ‘माय फ्रेंड फ्लिका’ आली. मुलगा, शिंगरू, कडक शिस्तीचे वडील, जिवावरचे दुखणे हे सारे दोन्ही पुस्तकांत आहे. फरक इतकाच की फ्लिका जगते. या एका फरकाने वाचकांच्या अपेक्षेचा साचा ठरला: शिंगरू आजारी पडेल, मुलगा रात्रभर जागेल, आणि सकाळी दोघेही उभे असतील. ‘द रेड पोनी’ आधी लिहिलेली असूनही बहुसंख्य बालवाचकांच्या हाती नंतर गेली, आणि हा साचा मनात घेऊन ती वाचणाऱ्याला शेवट दगा दिल्यासारखा वाटला यात नवल नाही. जाता जाता सांगायचे तर, सौम्य म्हणून ओळखली जाणारी ‘फ्लिका’ही सुटली नाही, कुत्रीसाठी वापरलेल्या इंग्रजी शब्दासह दोन शब्दांवरून 1990 मध्ये फ्लोरिडातील क्ले काउंटीच्या शाळांनी ती पाचवी-सहावीच्या वाचनयादीतून काढली. पालकांच्या आक्षेपांचा आणि मुलांच्या दुःखाचा मेळ बसतोच असे नाही.

गैरसमजात भर घातली ती 1949 च्या चित्रपटाने. दिग्दर्शक लुईस माइलस्टोन, बिली बकच्या भूमिकेत रॉबर्ट मिचम, आईच्या भूमिकेत मर्ना लॉय आणि पटकथा खुद्द स्टाइनबेक यांची. पुस्तकातल्या तिसऱ्या कथेत बिली जोडीला दुसरे शिंगरू देण्याचा शब्द देतो. नेली नावाची घोडी विताना अडते, पिल्लू आडवे आलेले असते, तेव्हा बिली हातोड्याने घोडीला मारतो आणि पोट फाडून जिवंत पिल्लू मुलाच्या पुढ्यात ठेवतो. पडद्यावर घोडी वाचते आणि सारे हसतमुखाने संपते. चित्रपट आधी पाहून पुस्तकाकडे वळणाऱ्या मुलांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करता येते. या बदलाला स्टाइनबेक यांनीच हात लावला ही बाब मला खटकते, कारण तिसऱ्या कथेचा सगळा भार त्या हातोड्यावर आहे: पहिल्या वेळी शब्द मोडलेला माणूस दुसऱ्या वेळी तो पाळतो, आणि पाळण्याची किंमत पाहून मुलाला हाती आलेल्या शिंगराचा आनंदही घेता येत नाही. चित्रपटापेक्षा त्यासाठी आरन कोपलंड यांनी रचलेले संगीत अधिक टिकले. त्याची वाद्यवृंदासाठीची मालिका आजही मैफलींत वाजते.

दुसऱ्या कथेकडे, ‘द ग्रेट माउंटन्स’कडे, शिंगरासाठी आलेले वाचक पूर्वी विसावा म्हणून पाहत आणि घाईने पुढे जात. तिच्यात गिटानो नावाचा म्हातारा पायी येतो, आपला जन्म याच जमिनीवरच्या मातीच्या घरात झाला असे सांगतो आणि मरेपर्यंत इथेच राहू द्या म्हणतो. कार्ल नकार देतो आणि निकामी झालेल्या ईस्टर या म्हाताऱ्या घोड्याकडे बोट दाखवून, असल्यांना गोळी घालणेच बरे, असे त्याला ऐकू जाईल अशा बेताने बोलतो. कॅलिफोर्निया 1848 पर्यंत मेक्सिकोचा होता, आणि अमेरिकी अमलाखाली जुन्या स्पॅनिश-मेक्सिकन कुटुंबांच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर नव्या वसाहतवाल्यांकडे गेल्या. हा इतिहास ठाऊक असलेल्या आजच्या वाचकाला टिफ्लिनांच्या रँचची मालकीच शंकास्पद वाटू लागते, आणि कार्लबद्दलची नाराजी कठोर बापापुरती राहत नाही.

चौथ्या कथेचे स्थान तर समीक्षकांतही वादाचे आहे. तिच्यात शिंगरू नाही. वॅगनींचा तांडा घेऊन पश्चिमेकडे आलेले आईकडचे आजोबा पुन्हा पुन्हा त्याच आठवणी सांगतात, जावई कार्ल वैतागतो आणि त्याचे बोलणे म्हाताऱ्याच्या कानी पडते. समुद्र लागला आणि पुढे जायला जागाच उरली नाही, हे आजोबांचे खरे दुखणे आहे. 1890 च्या जनगणनेनंतर सीमाप्रदेश, म्हणजे पश्चिमेकडचा वस्ती न झालेला मुलूख, संपल्याचे अमेरिकेने अधिकृतपणे मानले होते. आजोबा म्हणजे त्या संपलेल्या काळाचे उरलेले माणूस. जोडी त्यांच्यासाठी लिंबाचे सरबत करतो, स्वतःसाठी मागत नाही. मुलाला दुसऱ्याचे दुःख दिसू लागले आहे हे पुस्तकात इतके स्पष्ट इथेच प्रथम येते, म्हणून 1945 च्या आवृत्तीने तिला आत घेतले ते योग्यच झाले, असे माझे मत आहे.

शालेय आणि महाविद्यालयीन वेच्यांत मात्र बहुधा ‘द गिफ्ट’ तेवढी एकटी घेतली जाते, नाहीतर ‘द लीडर ऑफ द पीपल’ एकटी. पहिली वाचलेल्याच्या लक्षात गिधाड राहते, दुसरी वाचलेल्याच्या लक्षात आजोबा राहतात, आणि ‘द रेड पोनी’ क्रूर आहे की हळवी यावर हे दोघे हुज्जत घालतात, तेव्हा मधली घोडी आणि गिटानो दोघांनीही वाचलेले नसतात.